बिनडोक बोल्ट

स्टड म्हणजे डोकं नसलेला बोल्ट. दोन्ही टोकांना आटे, मधे गुळगुळीत दांडा, आणि पाना लावायला डोकं म्हणून काही नाहीच. डोकं काढून टाकल्यावर किंमत वाढावी अशी उदाहरणं राजकारणाबाहेर फारशी सापडत नाहीत, पण इंजिनाच्या बाजारात हे सर्रास चालतं. डोकं असलेला बोल्ट स्वस्त, बिनडोक महाग. शिवाय हा बिनडोक एकटा येत नाही. त्याच्यावर बसायला नट लागतो, नटाखाली वायसर लागतो आणि तिघांना माखायला खास वंगण लागतं, तेही त्यांच्याच घराण्याचं.

हे ज्ञान मला आमच्या दाजींमुळे झालं. दाजी म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईचे, यजमान. नात्यानं माझे साडू, पण बायको दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो. सांगलीच्या वालचंदमधून मेकॅनिकल करून ते डेट्रॉइटला गेले आणि सगळी नोकरी त्यांनी मोटारींच्या धंद्यात काढली. कोल्हापुरातल्या आमच्या पाहुण्यारावळ्यांत ‘ते अमेरिकेत मोटारी बनवतात’ अशी त्यांची ख्याती. प्रत्यक्षात दाजींनी आयुष्यभर सीटच्या पट्ट्याचं बकल बनवलं. त्यातही बकलावरचं लाल बटण. ते किती जोरानं दाबलं म्हणजे सुटावं आणि किती जोरानं दाबलं तरी सुटू नये, या विषयात त्यांचा शब्द शेवटचा. इंजिनाशी त्यांचा संबंध एवढाच, की ते बकलापासून चार फूट पुढे असतं.

रिटायर झाल्यावर माणसं अध्यात्माकडे वळतात. दाजी इंजिनाकडे वळले. त्यांनी १९७२ सालची एक शेव्हरले शेव्हेल विकत घेतली. रंग उडालेला, सीट फाटलेली, पण बॉनेटखाली ३५० घन इंचाचं व्ही-आठ इंजिन, म्हणजे आपल्या हिशेबानं ५.७ लिटर. या इंजिनाचं घराणं १९५५ सालचं. तेव्हा ते २६५ घन इंचाचं होतं, मग दर काही वर्षांनी त्याचा घेर वाढत गेला. अमेरिकेत गॅरेजमध्ये इंजिन खोलून बसलेला जो कोणी गृहस्थ दिसेल, त्याच्यापुढे बहुधा याच कुळातलं इंजिन असतं. सुटे भाग मुबलक, आणि सल्ला त्याहून मुबलक.

मी आणि बायको उन्हाळ्यात तिकडे गेलो तेव्हा इंजिन गाडीतून बाहेर निघालेलं होतं आणि स्टँडवर उलटं टांगलेलं होतं. इंजिन उलटं केलं की क्रँकशाफ्ट दिसतो. या इंजिनात तो पाच ठिकाणी बसतो. प्रत्येक बैठकीचा अर्धा गोल ब्लॉकमध्ये कोरलेला आणि उरलेला अर्धा वरून टोपीसारखा ठेवलेला. ही मेन कॅप. एका कॅपला दोन बोल्ट, म्हणून पाच कॅपांना दहा. पिस्टनवर स्फोट झाला की क्रँक खाली दाबला जातो आणि त्याला निसटू न देणं एवढंच या दहा जणांचं काम. दाजींच्या इंजिनातले दहाही बोल्ट ते काम निक्सनच्या काळापासून बिनतक्रार करत आले होते. काढून, धुऊन, वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले तर एकाचाही आटा गेलेला नाही, एकही लांबलेला नाही. नवे म्हणून विकले असते तर खपले असते.

तरी ते बदलायचे ठरलं होतं. का, असं मी विचारलं.

“सगळे बदलतात,” दाजी म्हणाले.

हे ‘सगळे’ शनिवारी सकाळी येत. अमेरिकेत गॅरेजचं दार वर करून आत इंजिन ठेवणं म्हणजे गल्लीला आवतण देणं. एक जण कुत्रं फिरवता फिरवता थांबे, दुसरा हिरवळ कापायचं यंत्र चालू ठेवून येई, तिसऱ्याचा या वस्तीशी काहीच संबंध नव्हता, तो फक्त यायचा. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, “स्टड टाकतोयस ना?” कॉफी घेणार ना, या चालीवर. गाडीचं पुढे काय करणार, शर्यतीत उतरवणार की देवळात नेणार, हे एकानंही विचारलं नाही.

आता स्टडची बाजू खोटी नाही, हे आधी सांगून टाकतो. बोल्ट आवळताना त्याला एकाच वेळी दोन शिक्षा होतात. तो ताणलाही जातो आणि पिळलाही जातो. शिवाय त्याचे आटे ब्लॉकच्या बिडाच्या आट्यांवर घासत जातात. बीड बिचारं मऊ, ठिसूळ. दर वेळी इंजिन खोललं की हे घासणं परत. स्टडचं तसं नाही. तो ब्लॉकमध्ये एकदा जाऊन बसला की हलत नाही. वरून नट फिरतो आणि पोलादावर पोलाद घासतं. ब्लॉककडच्या टोकाला जाड आटे, कारण बिडाला तेच झेपतात. नटाकडे बारीक आटे, म्हणजे आवळताना हाताला नेमकेपणा येतो. पिळणं जवळपास संपलं, उरलं ते ताणणं. दर हंगामाला इंजिन उघडणाऱ्या शर्यतवाल्याला हे वरदान आहे. जिच्या नावानं हे स्टड गॅरेजागॅरेजांत ओळखले जातात ती एआरपी नावाची कंपनी गॅरी होल्झॅपफेल यांनी कॅलिफोर्नियात १९६८ साली घरामागच्या गॅरेजात सुरू केली, ती शर्यतवाल्यांचे बोल्ट तुटत होते म्हणूनच.

पण शर्यतवाल्याच्या इंजिनात आणि दाजींच्या इंजिनात फरक होता. १९७२ साली कंपनीनं या इंजिनाची ताकद १६५ अश्वशक्ती लिहिली होती. दोन बोल्टांचा ब्लॉक चारशेपर्यंत कुरकुरत नाही, असं शनिवारच्या मंडळींपैकीच एक जण सांगत होता. सांगता सांगता तो स्टडच्या खोक्यावरची किंमत वाचत होता.

बोल्ट आवळण्याच्या शास्त्रातली एक गोष्ट मला त्या उन्हाळ्यात कळली आणि तेव्हापासून माझा टॉर्क पान्यावरचा विश्वास उडाला. बोल्ट आवळणं म्हणजे खरं तर बोल्ट ताणणं. ताणलेला बोल्ट स्प्रिंगसारखा मागे येऊ पाहतो आणि त्या ओढीनं कॅप दाबून धरली जाते. पान्यावर ७० फूट-पौंडांचा आकडा लावायचा, ‘टक्’ आवाज झाला की थांबायचं. आपल्याला वाटतं, सत्तरच्या सत्तर बोल्टाला पोचले. तसं नसतं. ढोबळ हिशेबानं निम्मा जोर डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीस टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि उरलेल्या दहा टक्क्यांत बोल्ट ताणला जातो. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेचंही प्रमाण साधारण हेच आहे. म्हणून वंगणाला एवढं महत्त्व. साधं तेल लावून आवळलं तर एक दाब, स्टडबरोबर आलेलं मलम लावून आवळलं तर दुसरा, आणि पाना दोन्ही वेळा तेवढ्याच आत्मविश्वासानं ‘टक्’ म्हणतो. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट दोन्ही बाजूंनी उघडे असतात, त्यांची लांबी मोजून ते किती ताणले ते कळतं. मेन स्टडचं एक टोक आंधळ्या भोकात. तिथे पान्यावर आणि परमेश्वरावर भरवसा.

दाजींना हे सगळं पाठ होतं. तरी रात्री जेवल्यावर त्यांना शंकांनी घेरलं आणि त्यांनी उद्यमनगरात फोन लावला. इकडे रात्रीचे नऊ म्हणजे कोल्हापुरात सकाळचे साडेसहा. दाजींचे शाळेतले एक मित्र तिथे इंजिनांची कामं करतात. ते चहाचा कप घेऊन पडद्यावर आले. दाजींनी मोबाइल इंजिनावरून फिरवून सगळं दाखवलं, क्रोम-मॉली पोलाद, दर चौरस इंचाला जवळजवळ दोन लाख पौंडांचा ताण सोसणारं, वगैरे. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं.

“जुनं बोल्ट लांबल्यात काय?”

“नाही.”

“आटं गेल्यात?”

“नाही रे.”

“मग गाडीचं काय वडाप करणार हाईस काय तू?”

दाजी गप्प. ताई स्वयंपाकघरात हसली, ते कोल्हापुरापर्यंत ऐकू गेलं असावं.

“आरं, स्टड काय वंगाळ न्हाई,” मिस्त्री जरा नरमले. “आपल्या पाण्याच्या इंजिनाच्या हेडाला पैल्यापासनं स्टडच हायत. पर ते कंपनीनं बसिवल्यालं. तू मधनंच बसिवणार. मग लाइन बघाय लागंल बघ. आणि ती बघितलीस, की खिसा बघाय लागंल.”

उसाला पाणी पाजणाऱ्या इंजिनाला जे जन्मतः मिळतं ते अमेरिकेत चकचकीत खोक्यातून ‘परफॉर्मन्स’ म्हणून विकत घ्यावं लागतं, याचं मला हसू आलं. दाजींना नाही आलं. ते ‘लाइन’ या शब्दावर अडकले होते. दुसऱ्या दिवशी ब्लॉक, कॅपा आणि स्टड घेऊन आम्ही मशीन शॉपला गेलो.

तिथला म्हातारा कमी बोलणारा निघाला. त्यानं आधी जुने बोल्ट लावून कॅपा आवळल्या आणि भोकात गेज घालून फिरवलं. २.६४१ इंच. काटा जागचा हलला नाही. मग बोल्ट काढले, स्टड लावले, नट आवळले, तेच गेज, तेच भोक. काटा या बाजूला जाऊन त्या बाजूला आला. जेमतेम अर्धा थाऊ, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाचा अर्धा. त्याचं कारण त्यानं दोन वाक्यांत सांगितलं. कारखान्यात हे भोक घासलं तेव्हा बोल्ट आवळलेलेच होते. तेव्हा ते गोल आहे ते बोल्टांच्या दाबाखाली गोल आहे. दाब बदलला की गोलाई गेली. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाला मिळून जागा दोन-अडीच थाऊ. त्यातला अर्धा थाऊ इकडेतिकडे करणं बरं नाही.

“लाइन होन करावं लागेल,” म्हातारा म्हणाला. उद्यमनगरात जे चहाच्या कपाबरोबर फुकट मिळालं होतं ते इथे गेज लावून, पावतीसकट मिळालं. “पैसे तुझे, ब्लॉक तुझा,” एवढं बोलून तो दुसऱ्या कामाला लागला. जुने दहा बोल्ट त्यानं परत पुडीत बांधून दाजींच्या हातात दिले होते. माझ्या मते ती सूचना होती. दाजींनी ती पुडी खिशात घातली आणि होनिंगचा फॉर्म भरला.

लाइन होनिंग म्हणजे काय, तर कॅपांच्या टेकण्याच्या बाजू एक-दोन थाऊ घासून कमी करायच्या, म्हणजे भोक लंबगोल होतं. मग कॅपा स्टडनी आवळून पाचही भोकांतून एक लांब दांडा घासत फिरवायचा आणि पाचही भोकं पुन्हा गोल आणि एका रेषेत आणायची. काम सुरेख असतं. बिल स्टडच्या किमतीपेक्षा बरंच जास्त होतं. आणि एवढ्यानं संपत नाही. कॅपा घासल्या की क्रँक किंचित आत, कॅमशाफ्टकडे सरकतो. दोघांमधलं अंतर कमी झालं की टायमिंग चेन सैल पडते. त्यासाठी पाच थाऊ कमी मापाची चेन बाजारात तयार मिळते, याचा अर्थ या वाटेनं आधी बरीच जनता गेलेली आहे. चेन आली. मग बेअरिंगची माया पुन्हा मोजणं आलं. मग नव्या, मोठ्या ऑइल पंपाचा आणि मागच्या कॅपवरच्या नटाचा जागेवरून वाद निघाला. दोघांनाही एकाच कोपऱ्यात राहायचं होतं. पंपाची कड ग्राइंडरनं कमी करून तो मिटवला. ग्राइंडर घरात नव्हता. तो आला.

ताई घरखर्चाची वही ठेवते. डॉलरचा देश झाला तरी वही कोल्हापुरी वळणाची, लाल कापडी बांधणीची. स्टडचं खोकं आलं त्या दिवशी तिनं एक पान उघडून वर ‘बोल्ट’ असं लिहिलं होतं. नंतर होनिंग, चेन, बेअरिंग, गेज, ग्राइंडर, ग्राइंडरचे चष्मे, सगळं तिनं त्याच मथळ्याखाली लिहिलं. दाजींनी तक्रार केली की चेन म्हणजे बोल्ट नव्हे. “का आणली ते सांगा,” ताई म्हणाली. दाजींनी सांगायला सुरुवात केली आणि तिसऱ्या वाक्याला ते बोल्टापाशी येऊन थांबले.

ब्लॉक परत आल्यावर स्टड बसवायचा दिवस उजाडला. त्या दिवशी दाजींनी शनिवारच्या मंडळींसाठी दार उघडलं नाही. आधी दहाही भोकं साफ केली. नवे आटे कापणारा टॅप नाही, जुने आटे नुसते झाडणारा वेगळा टॅप असतो, तो फिरवला. मग हवा मारली, मग मोबाइलच्या बॅटरीनं एकेका भोकात डोकावून पाहिलं. तळाशी तेलाचा थेंब जरी राहिला तरी स्टड आत जाताना त्याला पळायला जागा नसते, आणि त्या दाबानं बीड तडकू शकतं. मी चष्मा लावून दुसऱ्यांदा डोकावलो. घरातली सगळी पुरुषमंडळी भोकात डोकावून झाल्यावर पहिला स्टड हातात घेतला.

आणि इथे खरी परीक्षा होती. दोन लाख पौंडांचा ताण सोसणारा हा पोलादी वीर ब्लॉकमध्ये बसवायचा तो बोटांनी. पाना नाही, टॉर्क नाही. आटे संपेपर्यंत फिरवायचा आणि टेकला की सोडायचा. वरच्या टोकाला षटकोनी खाच असते, तिच्यात छोटी ॲलन की घालून अगदीच वाटलं तर हलकेच. जास्त आवळला तर तो किंचित तिरका होऊ शकतो आणि मग कॅप त्याच्यावरून सरळ उतरत नाही. आवळणं हे नटाचं काम.

दाजींनी पहिला स्टड बोटांनी फिरवला. टेकला. त्यांनी हात काढला नाही. अंगठा आणि तर्जनी तिथेच. कपाळावर घाम. आयुष्यभर ज्यानं ‘सुटणार तर नाही ना’ या एका चिंतेवर पगार घेतला, त्याला एवढी महाग वस्तू नुसती टेकवून सोडून दे म्हणणं हे क्रौर्य आहे. डावा हात हळूच ॲलन कीकडे गेला. की खाचेत बसली. दाजींनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं.

“पाव फेरा,” ते पुटपुटले.

“अहो,” दारातून ताईचा आवाज आला, “कागदावर काय लिहिलंय?”

“हातानं.”

“मग ती किल्ली कुणाच्या हातात आहे?”

किल्ली खोक्यात गेली. पुढचे नऊ स्टड ताईच्या देखरेखीखाली बसले. मग क्रँक बसला, कॅपा आपापल्या नंबरानं आणि बाण पुढे करून उतरल्या, नट आले, मलम आलं, आणि कागदावरच्या आकड्यानं तीन टप्प्यांत आवळून झालं. पाना दर वेळी ‘टक्’ म्हणाला. दाजी दर वेळी ‘हं’ म्हणाले. क्रँक हातानं फिरवला तर लोण्यात फिरवल्यासारखा फिरला. खरं सांगायचं तर माझंही मन भरून आलं. असा तो जुन्या बोल्टांनीही फिरला असता, हे मी बोललो नाही. पाहुण्यानं काय बोलू नये हे मला कळतं.

हा सगळा घाट वुडवर्ड ड्रीम क्रूझसाठी होता. ऑगस्टमधल्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या उत्तरेला वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या मोटारींचा मेळा भरतो, १९९५ पासून. रस्ताही साधासुधा नाही. १९०९ साली अमेरिकेतला पहिला मैलभर काँक्रीटचा रस्ता याच वुडवर्डवर झाला, आणि पन्नास-साठच्या दशकांत रात्री सिग्नलपासून सिग्नलपर्यंत पोरं इथेच शर्यती लावत. त्या काळी इथे मेन कॅपांना खरोखर काम असे. आता फर्नडेलपासून पॉन्टियॅकपर्यंत हजारो मोटारी बंपराला बंपर लावून सरकतात. नृसिंहवाडीला पौर्णिमेच्या दिवशी एसटी जेवढ्या वेगानं शिरते, तेवढ्या. दाजींचं इंजिन मिनिटाला जेमतेम सातशे फेरे घेत गुरगुरत होतं. एवढ्याशा गुरगुरण्यात क्रँक दहा साध्या बोल्टांनी काय, निम्म्या बोल्टांनीही जागेवर राहिला असता असं मला वाटतं, पण हे माझं खासगी मत आहे आणि ते मी इंजिनियर माणसासमोर मांडत नाही. तापमानाचा काटा तेवढा चढत होता, कारण रेडिएटर जुनाच होता. त्याच्यासाठी पैसे उरले नव्हते.

रस्त्याच्या कडेला लोक घडीच्या खुर्च्या टाकून, थंड पेट्या मधे ठेवून बसलेले असतात. आम्ही एकाच जागी इतका वेळ अडकलो की खुर्चीतला एक लठ्ठ गृहस्थ उठून खिडकीशी आला. बॉनेटकडे बोट करून त्यानं विचारलं, आत काय आहे. दाजींचा चेहरा फुलला. तीनशे पन्नास, नवी रिंग, नवी चेन, लाइन होन, आणि मुद्दाम थांबून, “मेन स्टड.”

“वा!” गृहस्थ म्हणाला. मग जरा वाकून, आपुलकीनं, “आणि कॅपा? कॅपा बिलेट स्टीलच्या ना? की जुन्या बिडाच्याच ठेवल्यास?”

दाजी स्टिअरिंगकडे बघत राहिले. मागच्या सीटवरून मला आरशात त्यांचे डोळे दिसत होते, आणि त्या डोळ्यांत नव्या कॅपा येऊन बसल्या होत्या. नव्या कॅपा म्हणजे पुन्हा होनिंग. ताईनं पदरानं वारा घेता घेता त्या गृहस्थाला गोड हसून हात केला आणि मराठीत म्हणाली,

“कॅपा पुढच्या जन्मी. आधी एसी.”